राहिलेली पावडर

मित्रांनो, माझ्याकडे बघून असं नाक मुरडू नका. आज माझ्या पोटात सुया, गुंड्या आणि एक तुटकी किल्ली आहे हे खरं. अंगावरचं गुलाबाचं चित्र उडालं आहे आणि बुडाला गंज चढला आहे, तेही खरं. पण मी एक जुना पावडरचा डबा आहे, आणि तोही विलायतेत जन्मलेला. हे मी पुन्हापुन्हा सांगतो म्हणून शेजारचा कुंकवाचा करंडा मला हसतो. हसू दे बापड्याला. त्याने हा कोनाडा सोडून आयुष्यात काही पाहिलेलं नाही.

माझा जन्म एका धडधडत्या कारखान्यात झाला. पत्रा कापला, वाकवला, त्यावर गुलाब उमटवला आणि डोक्यावर बारीक भोकांची जाळी बसवली. त्या जाळीवर घट्ट बसणारं एक टोपण दिलं. या टोपणाला विसरू नका, पुढे त्याचं मोठं काम आहे. पोटात भरलं ते पीठ दगडाचं होतं. मऊ दगड दळून, वस्त्रगाळ करून त्याला फुलांचा वास लावलेला. मला वाटलं, आता आपण कुणा लाटसाहेबाच्या गालाला लागणार. बोटीतून मुंबईला उतरलो तेव्हाही मी ताठ होतो. पुढे आगगाडीने आणून मला उतरवलं ते सोलापुरात, बाळीवेशीजवळच्या एका पत्र्याच्या दुकानात. दुकान ईरप्पा न्हाव्याचं होतं. पहिला आठवडा मी रागाने धुमसत होतो.

पण ईरप्पा माणूस हौशी. त्या भागात बाकीचे न्हावी झाडाखाली गिऱ्हाइकाला उकिडवं बसवून दाढी करत. ईरप्पाने खुर्ची आणली, मोठा आरसा आणला आणि दारावर ‘कटिंग सलून’ अशी पाटी लावली. गिरणीचा भोंगा झाला की कामगार येत, मग मागावरचे तेलुगू विणकर येत, अडत दुकानातले व्यापारी येत. आधी गरम पाणी, मग साबणाचा फेस, मग वस्तरा, मग तुरटी. तुरटी फिरली की भलेभले मिशीवाले ‘स्स’ करत. आणि सगळ्यांत शेवटी मी. ईरप्पा मला तळहातावर हलकेच आपटायचा, कापसाच्या बोळ्याने गालावर, हनुवटीखाली, मानेवर पावडर फिरवायचा. दिवसभर कुणाची तरी बोलणी खाऊन आलेला माणूससुद्धा त्या घडीला डोळे मिटून गप्प बसायचा. माझ्याशिवाय दाढी पुरी होत नाही, असं ईरप्पा अभिमानाने सांगायचा. वस्तरा आणि तुरटी यावर काही बोलत नसत.

माझ्या पोटातली विलायती पावडर संपली, तेव्हा ईरप्पाने मला फेकलं नाही. बाजारातून सुटी पावडर आणून तो मला भरू लागला. गिऱ्हाइकांना मात्र तो ‘विलायती हाय, विलायती’ असंच सांगायचा. मला जरा लाज वाटायची, पण मी काय बोलणार?

आता ज्याच्यासाठी ही कहाणी सांगतो आहे, त्या शिवपुत्राकडे वळतो. शिवपुत्र अडत दुकानात मोजमाप बघायचा. वडील गेलेले, घरी आई निंगव्वा आणि लग्नाला आलेली धाकटी बहीण बसव्वा. मुलगा देखणा आणि हसरा. मिसरूड फुटल्यापासून तो ईरप्पाकडेच दाढीला येई.

गावात तीस साली मार्शल लॉ येऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. शिवपुत्राच्या डाव्या जबड्याखाली वस्तरा फिरता फिरता थांबला. ईरप्पा वाकला. त्याने अंगठ्याने फेस पुसला, पुन्हा बघितलं. तिथे चवलीच्या नाण्याएवढा एक पांढरा डाग होता.

“मामा, काय झालं? कापलं काय?” शिवपुत्राने विचारलं.

ईरप्पाने दुकानाचं दार लोटून घेतलं आणि छोटा आरसा काढून त्याच्या हातात दिला. शिवपुत्राने हनुवटी वर करून पाहिलं. मग आरसा मांडीवर पालथा घातला.

“कोड हाय ह्ये,” तो म्हणाला. “मामा, कुणाला कळलं तर बसव्वाला कोण करून घील?”

त्या काळी ‘कोड’ हा शब्द लोक हळू आवाजात उच्चारत. ज्या घरात कोड, त्या घराशी सोयरीक कुणी करत नसे. ईरप्पाही घाबरला, तो वेगळ्या कारणाने. गिऱ्हाइकांना कळलं, तर ती म्हणतील की ह्याच वस्तऱ्याने आम्हालाही लागेल. मग खुर्चीवर कोण बसणार? दोघांनी दार लावून बराच वेळ कुजबुज केली. शेवटी शिवपुत्र घरी गेला आणि आईला म्हणाला, “अव्वा, म्या नवस केलाय. श्रीशैलाला जाऊन येईपतुर दाढीला वस्तरा लावायचा न्हाय.”

निंगव्वाने कौतुकाने देवापुढे नारळ ठेवला. नवसाच्या दाढीकडे कुणी संशयाने बघत नाही. डाग दाढीखाली झाकला गेला. तिथले केस पांढरे यायला लागले तसा ईरप्पा त्यांना काजळ लावून द्यायचा. आणि मी नुसता फळीवर बसून हे सगळं बघायचो.

पण मित्रांनो, दाढी वाढते तशा अडचणीही वाढतात. निंगव्वाने अक्कलकोटची एक मुलगी पाहिली. नाव जगदेवी. तिचे वडील गुरुलिंग तिथले किराणा व्यापारी. पत्रिकेचं, मानपानाचं सगळं जुळलं. आता मुलाकडच्यांनी अक्कलकोटला जायचं, मुलगी बघायची आणि पसंत पडली तर त्याच बैठकीत साखरपुडा उरकायचा, असं ठरलं. गुरुलिंग यांची एकच अट होती. दाढीवाला नवरदेव घरात चालणार नाही. निंगव्वा स्वतः मठात जाऊन स्वामींची परवानगी घेऊन आली की नवस लग्नानंतर जोडीने फेडला तरी चालेल.

शिवपुत्र दुकानात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. “मामा, आता कुटं लपवू?”

ईरप्पा फळीकडे बघायला लागला. वस्तऱ्याकडे नाही, तुरटीकडे नाही, माझ्याकडे. मला तेव्हाच काहीतरी वाईट होणार असं वाटलं.

“पांढऱ्यावर पांढरं,” ईरप्पा म्हणाला. “समदा चेहरा पावडरीनं भरू. नवरदेव हाय, कोण काय म्हननार? म्या येतो संगट. घाम आला की पुन्यांदा लावतो.”

“आनि लग्नानंतर?”

“लग्नानंतर बघू की.”

शिवपुत्राने एकदा आरशात पाहिलं. मग त्याने मान मागे टेकवली. ईरप्पाने दाढी उतरवली. डाग आता चवलीएवढा राहिला नव्हता. जबड्यावरून गालाकडे त्याने एक बोट पुढे काढलं होतं. तुरटी झाली आणि मग माझी पाळी आली. मी आजवर हजार गालांवर आनंदाने पडलो होतो. त्या दिवशी पहिल्यांदा मला पडावंसं वाटलं नाही. पण डब्याला विचारतो कोण?

वैशाखाचं ऊन तापलेलं. ईरप्पाच्या वस्तऱ्या-कात्रीच्या धोकटीत बसून मी आगगाडीने निघालो. धोकटीचं तोंड उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसत होतं. इंजिनाची कोळशाची धूळ आत येत होती. शिवपुत्र तोंडावर उपरणं धरून बसला होता आणि निंगव्वा म्हणत होती, “आरं, उपरणं काड की, गुदमरशील.” अक्कलकोटच्या स्टेशनवर उतरून टांगा केला. टांग्यात बसायच्या आधी ईरप्पाने त्याला पाण्याच्या टाकीमागे नेऊन पुन्हा पावडर लावली. गावात शिरताना एका गल्लीत तो शिवपुत्राच्या कानात म्हणाला, “घाम पुसायचा न्हाय. नुसता टिपायचा.” शिवपुत्राने मान हलवली. त्याच्या कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यासुद्धा घामाने फिकट झाल्या होत्या.

गुरुलिंग यांच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या पडवीत, सतरंजी अंथरली होती. दहा-बारा माणसं बसलेली. कुणी मराठीत बोलत होतं, कुणी कानडीत. शिवपुत्राला भिंतीकडेला बसवलं आणि त्याच्या डाव्या अंगाला येऊन बसली मुलीची आजी, शिवम्मा. डाव्या! ईरप्पाच्या हातातला विडा तिथेच थांबला. त्याने शिवपुत्राला खुणेने सरकायला सांगितलं, पण सरकायला जागा नव्हती.

जगदेवी पानसुपारीचं तबक घेऊन आली. सावळी, उंच, डोळे खाली पण चोरटे नाहीत. प्रश्न झाले, उत्तरं झाली. निंगव्वाचा चेहरा फुलला. गुरुलिंग यांनीही मान डोलावली. साखर आणायला कुणीतरी आत गेलं. मला वाटलं, सुटलो.

पण सोप्यात वारा नव्हता. शिवपुत्राच्या कानशिलावरून घामाची धार निघाली आणि गालावरून खाली आली. त्याने उपरण्याने टिपली. पुन्हा आली. पुन्हा टिपली. प्रत्येक वेळी उपरण्यावर थोडा मी जात होतो. शेवटी गालावर त्याची स्वतःची गव्हाळ कातडी दिसायला लागली आणि जबड्याखालचा डाग तेवढा पांढराफेक राहिला.

शिवम्मा आजीची नजर अधू होती, पण हातभर अंतरावरचं तिला दिसत होतं. ती हसली. “यप्पा, पावडर राहिलीय की रं गालाला,” ती म्हणाली आणि आपल्या नातवाचं पुसावं तसा पदराचा शेव घेऊन तिने तो डाग पुसला.

डाग गेला नाही. तिने पदर जिभेला लावून ओला केला आणि पुन्हा पुसला. मग जरा जोर लावून पुसला. शिवपुत्र दगडासारखा बसला होता. बोलणी थांबली. सगळे बघायला लागले.

“न्हाय निघत की ग ही,” आजी म्हणाली.

ईरप्पा ताडकन उठला. धोकटीतून मला काढून त्याने वर धरलं. “आज्जी, विलायती पावडर हाय ती! अशी सहजासहजी निघत न्हाय. ह्यो बगा डबा. चिकटली की दोन-दोन दीस ऱ्हाती.” आणि बोलता बोलता त्याने बोळा काढून शिवपुत्राच्या गालावर पुन्हा पावडर फासली.

मित्रांनो, मला त्या क्षणी जो संताप आला तो मी शब्दांत सांगू शकत नाही. मी चिकटतो? मी तर एका फुंकरीने उडतो! माझा मोठेपणा तोच आहे. गालाला गारवा द्यायचा आणि उडून जायचं. ईरप्पा माझ्या तोंडावर माझ्याच नावाने खोटं बोलत होता आणि मला तोंड नव्हतं.

बैठकीत थोडी कुजबुज झाली. एकजण म्हणाला, असंल बाबा, साहेबाची वस्तू. दुसरा हसला. साखरेचं ताट बाहेर आलं. आजी म्हणाली, “बगू तरी, कसली पावडर ती. जगदेवी, आण ग डबा हिकडं.”

जगदेवीने ईरप्पाच्या हातातून मला घेतलं. तिचे हात गार होते. ती मला आजीकडे देणार, तेवढ्यात थांबली. तिने माझं टोपण काढलं, मला उलटं करून आपल्या मनगटावर थोडी पावडर पाडली आणि बोटाने चोळली. मग हळूच फुंकर मारली. मी उडालो. तिच्या सावळ्या मनगटावर काही म्हणजे काही राहिलं नाही.

हे फक्त तिने पाहिलं, मी पाहिलं आणि समोर बसलेल्या शिवपुत्राने पाहिलं. तिने मान वर केली. दोघांची नजर पहिल्यांदाच भेटली. ती रागावलेली नव्हती. ती वाट बघत होती.

“काय ग? निघती का न्हाय?” आजीने विचारलं.

सगळा सोपा तिच्या तोंडाकडे बघत होता. निंगव्वा हसऱ्या चेहऱ्याने, ईरप्पा घामाघूम होऊन. ती ‘निघत न्हाय’ म्हणाली असती तर साखर वाटली गेली असती. ‘निघती’ म्हणाली असती तर सगळं तिथेच मोडलं असतं. जगदेवी म्हणाली, “ज्येंच्या गालावर हाय, त्येंस्नीच इचारा की आज्जी.”

शिवपुत्राने समोरचा पाण्याचा तांब्या उचलला. ओंजळभर पाणी घेऊन चेहरा धुतला, उपरण्याने खसखसून पुसला. मग डावा गाल उजेडाकडे केला.

“पावडर न्हाय आज्जी,” तो म्हणाला. “कोड हाय. वरीस झालं. अव्वालाबी ठावं न्हाय. नवस खोटा हुता. ईरप्पामामाचा दोष न्हाय, म्याच त्येला गळ घातली.”

निंगव्वाने मुलाचा चेहरा स्वतःकडे वळवला. ती नुसती मुलाच्या गालाकडे बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. गुरुलिंग उभे राहिले. साखरेचं ताट त्यांनी पायाने नाही, हाताने बाजूला सारलं, पण ते पायाने सारल्यासारखंच लागलं.

“पावनं, उन्हं हायती. पानी पिऊन निगा,” ते म्हणाले.

न जेवता, न थांबता ती तिघं निघाली. ईरप्पाने धोकटी काखेत मारली आणि खाली मान घालून गेला. टांग्याची खडखड लांब गेली, तेव्हा कुठे लक्षात आलं की मी मागे राहिलो आहे. मी अजून जगदेवीच्याच हातात होतो.

त्या भागात एक रीत होती. सोयरीक मोडली की समोरच्या पक्षाकडून आलेली वस्तू घरात ठेवायची नाही. परत पाठवायची. जोपर्यंत वस्तू घरात आहे, तोपर्यंत नकार गेला असं धरत नाहीत. आणि परत द्यायची ती जशीच्या तशी द्यायची, अर्धी-तुटकी दिली तर अपमान. गुरुलिंग यांनी मला बघितलं आणि कपाळाला आठी घातली.

“त्यो डबा उद्याच्या उद्या सोलापूरच्या मानसाकडं दे,” ते म्हणाले.

“देते की,” जगदेवी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सोलापूरला जाणारा माणूस दारात आला. जगदेवी मला घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, “आप्पा, टोपण गावंना ह्येचं.”

मित्रांनो, माझ्या जिवाचं पाणी झालं. टोपणाशिवाय पावडरच्या डब्याला काय अर्थ? घरभर शोध झाला. चुलीमागे, पेटीखाली, धान्याच्या कणगीमागे. जगदेवी सगळ्यांत जास्त शोधत होती. माणूस तसाच गेला. पुढच्या खेपेलाही टोपण सापडलं नाही. गुरुलिंग दुकानातून आले की विचारत, “गावलं काय टोपण?” आणि ती भाकरी थापता थापता म्हणे, “न्हाय की आप्पा अजून.” मी उघड्या डोक्याने तिच्या कोनाड्यात पडून होतो. धूळ जाळीत जात होती. मला वाटायचं, आता मला उकिरड्याचीच वाट.

तिकडे सोलापुरात काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. बातमी त्या तिघांच्या आधीच गावभर झाली होती. बसव्वासाठी आलेलं एक स्थळ परत फिरलं. ईरप्पाच्या खुर्चीवर कुणी बसेना. लोक दुकानासमोरून जाताना गालाला हात लावून पलीकडे सरकत. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी शिवपुत्राला तपासून सांगितलं होतं की हा रोग नव्हे, कातडीचा रंग जातो एवढंच, तो कुणाला लागत नाही. पण ते ऐकायला कुणी थांबत नव्हतं. शिवपुत्राने मात्र पुन्हा दाढी वाढवली नाही. तो रोज उघड्या गालाने अडत दुकानात जायचा आणि रोज घरी आल्यावर आईजवळ येऊन बसायचा. निंगव्वा त्याला एकदाच म्हणाली, “आरं, मला तरी सांगायचं हुतंस.”

इकडे एका दुपारी जगदेवी पाणी आणायला वाकली आणि तिच्या कमरेला खोचलेल्या पदराच्या गाठीतून काहीतरी ठणकन फरशीवर पडलं. घरंगळत ते शिवम्मा आजीच्या पायाशी गेलं. माझं टोपण!

आजीने ते उचललं. बोटांनी चाचपून बघितलं. मग नातीकडे बघितलं. जगदेवी तोंडात पदराचा बोळा धरून उभी होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

“तुज्या मनात काय हाय ग?” आजीने विचारलं.

“त्येनं भरल्या बैठकीत सांगितलं आज्जी,” ती म्हणाली. “दुसरा असता तर साखर खाल्ली असती.”

गुरुलिंग घरी आले तेव्हा आजी त्यांच्या वाटेतच बसली होती. गुरुलिंग आधी ओरडले. मग म्हणाले, “अव्वा, त्यो डाग पसरंल. समदं तोंड पांडरं हुईल.”

“हू दे की,” आजी म्हणाली. “म्या त्येला पुसून बगितलं न्हवं? तवाच वळखलं. पर पोरानं सोताच्या तोंडानं सांगितलं. चार लोकांत ज्यानं झाकलं न्हाय, त्यो घरात काय झाकंल?”

गुरुलिंग यांनी काढलेली पायताणं पुन्हा पायात घातली. मग ते दुकानात परत गेले. ते ‘नाही’ म्हणाले नाहीत, एवढंच आजीला पुरे होतं. दुसऱ्या दिवशी तिने मला फडक्यात बांधलं, टोपण स्वतःच्या हाताने बसवलं आणि आगगाडीत बसून सोलापूरला आली. निंगव्वाच्या दारात उभी राहून तिने मला पुढे केलं. निंगव्वाचा चेहरा एकदम पडला. आपल्याकडची वस्तू परत आली म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक होतं. तिने मला घ्यायला हात पुढे केला, पण आजीने मला सोडलं नाही.

“डबा परत द्याया आलेय,” आजी म्हणाली. “पर पोरगी म्हनती, द्यायचा तर माज्यासकट द्या.”

आतून बसव्वा धावत आली. शिवपुत्र भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. मला कुणी खाली ठेवेना. दोन्ही म्हाताऱ्या मला मधे धरूनच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि माझं पोट चेपलं. तो चेप अजून आहे, बघा हवं तर.

मी पुन्हा ईरप्पाच्या फळीवर गेलो आणि लग्न सोलापुरात झालं. त्या सकाळी ईरप्पाने खुर्ची दुकानाबाहेर, भर रस्त्यावर मांडली. शिवपुत्राची दाढी सगळ्यांदेखत केली. बघे लांब उभे होते. दाढी झाली, वस्तरा उकळत्या पाण्यात धुतला आणि शिवपुत्र उठला. तेवढ्यात गर्दीतून मुलीचे वडील पुढे आले आणि त्याच खुर्चीवर बसले. ईरप्पा बघतच राहिला.

“बगतोस काय? लाव वस्तरा,” गुरुलिंग म्हणाले.

ईरप्पाने वस्तरा चामड्यावर नेहमीपेक्षा दोनदा जास्तच घासला. दाढी झाली. तुरटी झाली. मग त्याने मला उचललं आणि गुरुलिंग यांच्या गालावर पावडर लावली. “विलायती हाय,” असं म्हणायला त्याने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. “सुटी हाय मालक, बाजारातली,” तो म्हणाला. गुरुलिंग मोठ्याने हसले. त्यांच्यामागून एक विणकर येऊन खुर्चीजवळ उभा राहिला, मग अडत दुकानातला हमाल. दुपारपर्यंत माझं पोट रिकामं झालं होतं.

रिकामा झालो तरी जगदेवीने मला टाकलं नाही. ईरप्पाकडून तिने मला मागून घेतलं. माझ्यात सुया, गुंड्या ठेवल्या आणि मला तिच्या कोनाड्यात जागा दिली. आता दुसरं टोपण मिळणार नाही म्हणून ती ते रोज नीट दाबून लावते. बसव्वाचंही पुढे चांगल्या घरी झालं.

मित्रांनो, तुमच्या घरी नवा डबा येईल, तेव्हा माझी एक विनंती ध्यानात ठेवा. टोपण इकडेतिकडे टाकू नका आणि रिकामा झाला म्हणून लगेच फेकू नका. आणि पावडर लावायची ती तापलेल्या गालाला गार वाटावं म्हणून लावा. कुणाच्या कातडीचा रंग झाकायचं ओझं आमच्यावर टाकू नका. ते आम्हाला पेलत नाही, आम्ही एका घामाने वाहून जातो.

शिवपुत्राचा डाग खरंच पसरला. आता अर्धा चेहरा पांढरा आहे. ईरप्पाकडून दाढी करून तो घरी येतो, उंबऱ्यात उभा राहतो आणि जगदेवीपुढे डावा गाल करून दर वेळी तेच विचारतो, “पावडर राहिलीय का ग?”

जगदेवी हातातलं काम सोडून जवळ येते. पदराचा शेव घेते, त्या पांढऱ्या गालावरून एकदा हलकेच फिरवते आणि म्हणते, “राहिलीय की. राहू द्या.”